घेवड्याचे एकवीस दिवस

सोमवार, ८ जानेवारी

हो म्हणून बसले! आता पस्तावते आहे.

मुख्याध्यापिका डेअरीच्या फाटकापाशीच उभ्या होत्या. माझी पहाटेची पाळी बाराला सुटते हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. ताईबद्दल दोन शब्द बोलल्या, मग मुद्द्यावर आल्या. सहावीला विज्ञानाला कुणी नाही. नव्या शिक्षिका फेब्रुवारीत येणार. तोवर दुपारचा शेवटचा तास मी घ्यावा. "अहो, तीस वर्षं प्रयोगशाळेत काढलीत तुम्ही. पोरं तुमचं ऐकतील."

मी म्हटलं, माझ्या प्रयोगशाळेत दूध असतं. दूध बोलत नाही.

त्या हसल्या. मी विनोद केला नव्हता.

ताईने सत्तावीस वर्षं याच वर्गाला विज्ञान शिकवलं. तिला जाऊन उद्या महिना होईल. घरात बसवत नाही आणि उठून जायला दुसरी जागा नाही. म्हणून हो म्हटलं असेन.

वर दोन कामं गळ्यात घातली. एक — ताईने लावून दिलेल्या प्रयोगाच्या वह्या तपासायच्या, दहापैकी गुण द्यायचे, ३१ तारखेच्या आत, खाली माझी सही. दुसरं — पुढच्या वर्षी सहावीत येणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी एक पान लिहायचं. विज्ञानाच्या तासाला काय अपेक्षा ठेवावी. ताई दर वर्षी लिहायची म्हणे. मला कधी दाखवलं नाही. मीही कधी विचारलं नाही.

मंगळवार, ९ जानेवारी

पहिला तास. अठ्ठावीस पोरं. काल कागदावर मुद्दे काढून ठेवले होते, त्यातला एकही बोलले नाही.

आत गेल्या गेल्या पहिल्या बाकावरून — "तुम्ही बाईंच्या कोण?"

"धाकटी बहीण."

"म्हणजे तुम्ही छोट्या बाई."

मी ताईपेक्षा वीतभर उंच आहे, वय चोपन्न. पण नाव पडलं ते पडलं. दोन मिनिटांत सगळा वर्ग छोट्या बाई, छोट्या बाई!

विचारणाऱ्याला वर्गात वकील म्हणतात. लगेच कळलं का ते. "छोट्या बाई, पाणी शंभर अंशाला उकळतं असं पुस्तकात आहे. आमच्या थर्मामीटरवर सत्त्याण्णव आलं तर चूक कुणाची? पाण्याची की पुस्तकाची?"

म्हटलं, आधी थर्मामीटर तपासायचा.

"म्हणजे पुस्तक सुटलं!"

हशा. मलाही हसू आलं, ते फळ्याकडे तोंड करून हसले. मग खडू सापडेना. डाव्या भिंतीला एक उंच कपाट आहे, विचारलं त्यात आहे का, तर तीन-चार जण एकदम "नाही!" म्हणाले. आपापल्या दप्तरांतून खडूचे तुकडे काढून दिले. दप्तरात खडू कशाला ठेवतात ही पोरं?

तास संपला तशी पहिल्याच बाकावर बसकण मारली. डेअरीत आठ तास उभी असते, तेव्हा काही होत नाही.

गुरुवार, ११ जानेवारी

वह्या दोन पिशव्यांतून घरी आणल्या. प्रयोग असा. २० नोव्हेंबरला ताईने प्रत्येकाकडून कागदी पेल्यांत घेवड्याचे दाणे पेरून घेतले. प्रत्येकाचे दोन पेले. एक खिडकीत, दुसरा कपाटात बंद. रोज पाणी घालायचं, पट्टीने उंची मोजायची, एकवीस दिवस वहीत लिहायची, मग आलेख काढायचा.

पेरलं त्याच सोमवारी ती शाळेतून आली आणि आडवी झाली. पुन्हा शाळेत गेली नाही. एकविसावा दिवस तिला दिसलाच नाही. विसावाही नाही.

मला दुधातलं कळतं, झाडातलं नाही. आकडे तपासायचे तर काय येतं ते आधी माहीत हवं. म्हणून आज मीही पेरले. दोन पेले खिडकीत, दोन स्वयंपाकघरातल्या फडताळात, डब्यांच्या मागे. माती खालच्या बागेतून आणली. माळी म्हणाला, "एवढीशीच? पोटावर लेप लावायचाय का कुणाच्या?"

शनिवार, १३ जानेवारी

वह्या सुबक. सत्तावीस वह्यांत एकच गोष्ट. खिडकीतलं रोप वाढत वाढत अठरा-वीस सेंटिमीटर. कपाटातलं दोन, फार तर अडीच, तिथेच थांबलेलं. निष्कर्ष: सूर्यप्रकाशाशिवाय वनस्पती वाढत नाही. हिरव्या आणि काळ्या पेन्सिलीने आलेख. ताईला आवडले असते.

अठ्ठाविसावी वही खिडकीजवळ बसणाऱ्या अगदी लहानखुऱ्या मुलीची. पोरं तिला मुंगी म्हणतात. पहिले सात दिवस नीट. मग तीन दिवस काहीच नाही. अकराव्या दिवशी, १ डिसेंबरला — कपाटातलं रोप १९ सेंटिमीटर, पिवळं. पुढची सगळी पानं कोरी! आलेख नाही, निष्कर्ष नाही.

१९ खाली लाल रेघ मारली. बाजूला लिहिलं — १.९ हवे. दशांश चिन्ह विसरलीस. गुण २.

रविवार, १४ जानेवारी

दादाचा फोन. "दुधातलं फॅट बघणारी बाई विज्ञान शिकवणार! अगं, पोरांना तूप काढायला लावशील." वहिनी मागून ओरडत होती, चिडवू नका तिला. मग एकदम म्हणाला, "जेवतेस ना?" हो म्हटलं. पंधरा मिनिटं बोललो त्यात ताईचं नाव दोघांनीही घेतलं नाही.

पालकांचं पान लिहायला बसले. "विज्ञान हा विषय मुलांच्या सर्वांगीण विकासासाठी —" खोडलं. असं कोण बोलतं? उठले, भांडी घासली. घासलेलीच होती.

सोमवार, १५ जानेवारी

वर्गात मुंगीला उभं केलं. आता लिहिताना बरं वाटत नाही. म्हटलं, सगळ्यांच्या वह्या पूर्ण आहेत, तुझीच कोरी का? आणि एकोणीस कुठून आणलंस?

"दशांश चिन्ह नव्हतं, बाई." इतकं हळू की मला वाकावं लागलं.

"मग पट्टी उलटी धरली असशील."

कुणीतरी हसेल असं वाटलं होतं. कुणी हसलं नाही. वकीलसुद्धा खाली बघत होता. सगळ्यांनी एकदम खाली बघायचं काय कारण?

बुधवार, १७ जानेवारी

फडताळातले दाणे उगवले. खिडकीतले अजून मातीतच.

शुक्रवार, १९ जानेवारी

आजचा तास बरा गेला. कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली. रांगेत ढकलाढकल, दोघांचे चष्मे एकमेकांत अडकले, एकीला स्वतःची पापणी दिसली आणि तिने तीच काढली चित्रात, केसांसकट! वकील म्हणाला, "पेशीला केस असतात, छोट्या बाई, ही बघा साक्ष." मुंगीने मात्र दिसलं तेवढंच काढलं. अर्धवट, एका बाजूला धुरकट. खाली लिहिलं — इथून पुढे नीट दिसलं नाही.

ते चित्र डोक्यातून जात नाही. घरी येऊन दोनदा जिना उतरले आणि चढले. काही आणायचं नव्हतं.

सोमवार, २२ जानेवारी

पाळीवरून येऊन फडताळ उघडलं आणि पट्टी शोधत घरभर फिरले. शेवटी ताईच्या टेबलावर मिळाली.

अकरावा दिवस. खिडकीतली रोपं सात आणि साडेसात, हिरवी, जाड. फडताळातली अठरा आणि वीस!! पांढुरकी पिवळी, बारीक दोऱ्यासारखी, डब्यांच्या फटीतून बाहेर यायला बघणारी. चार वेळा मोजली.

मग पुस्तक काढलं, ताईचं जुनं, मोठ्या वर्गांचं. आहे त्यात. अंधारातलं रोप उजेड शोधत भराभर उंच होतं, अंगात काही नसतं तरी. दाण्यातलं संपलं की कोलमडतं.

म्हणजे मुंगीचं एकोणीस खरं. आणि सत्तावीस वह्यांतलं दोन आणि अडीच कुणी मोजलेलंच नाही. पुस्तकात प्रकाशाशिवाय झाड वाढत नाही असं आहे, म्हणून पोरांनी न वाढलेलं झाड लिहून टाकलं. सत्तावीसही जणांनी.

मी जिला दोन गुण दिले तिचाच आकडा खरा. जे आठ-आठ, नऊ-नऊ दिले ते सगळे खोटे. ३१ला त्यावर सही करायची आहे.

डेअरीत बारा वर्षांपूर्वी एका मुलीने नमुना न तपासता फॅटचा आकडा नोंदवहीत लिहिला होता. मीच साहेबांना सांगितलं. तिची नोकरी गेली. तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिची खुर्ची पुसून मी स्वतः वापरायला घेतली.

मंगळवार, २३ जानेवारी

तास सुरू व्हायच्या आत मुंगीला व्हरांड्यात गाठलं. म्हटलं, तुझा आकडा बरोबर होता, चूक माझी. लाल रेघ तिच्यासमोर खोडली, खाली माझी सही केली.

तिला आनंद झाल्याचं दिसलं नाही. "बाकीच्यांना किती मिळणार आता?"

"तू पुढची पानं कोरी का ठेवलीस?"

"नाही मोजलं म्हणून."

"का नाही मोजलं?"

वर्गाच्या दाराकडे बघत राहिली. घंटा झाली तशी पळाली.

बुधवार, २४ जानेवारी

मुख्याध्यापिकांच्या खोलीत. माझी चार रोपं पिशवीतून नेली होती. टेबलावर मांडली. त्यांनी फाइली बाजूला सरकवल्या, माती सांडेल म्हणून.

"अहो, हे सगळं ठीक आहे. पण पानं भरलेली आहेत ना?"

"खोटी भरली आहेत."

"मीच सांगितलं होतं त्यांना. बाई आजारी आहेत, वह्या पूर्ण करून ठेवा म्हणून. पोरं बिचारी गोंधळलेली, त्यात आता तुम्ही शून्य देणार? बाईंच्या शेवटच्या प्रयोगाला? पालक येतील माझ्याकडे, तुमच्याकडे नाही."

"मी खोट्या आकड्याखाली सही करत नाही."

"मग तुमच्या ताईंनी काय केलं असतं?"

हे विचारायला नको होतं त्यांनी. रोपं उचलली आणि निघाले. एक जिन्यावरच मोडलं.

गुरुवार, २५ जानेवारी

डेअरीत एक नमुना दोनदा तपासला, दोन्ही वेळा तोच आकडा आला, तरी तिसऱ्यांदा लावला. सोबतचा म्हणाला, "काय हो, दुधावर विश्वास राहिला नाही?" पालकांच्या पानाची सातवी सुरुवात. फाडली. खुर्चीत पाच मिनिटं धड बसवत नाही. लिहायचं एक असतं आणि मन भलतीकडेच जातं.

शून्य द्यायचं हे नक्की. सत्तावीस शून्यं.

सोमवार, २९ जानेवारी

वर्गात विचारलं. सरळ. कपाटातलं रोप ज्याने एकवीस दिवस मोजलं त्याने हात वर करा.

एकही नाही.

म्हटलं, मी खोट्या आकड्यांवर सही करणार नाही, सगळ्यांना शून्य मिळेल. मला राग येत होता, तो कुणाचा ते कळत नव्हतं. म्हटलं, कपाट उघडा, रोपं कुठवर गेली होती ते आज सगळेच बघू.

कुणी जागचं हललं नाही. शेवटी वकील उभा राहिला. त्याची नेहमीची फुशारकी नव्हती. "छोट्या बाई, तुम्ही उघडू नका."

"का?"

"आत बाईंचा एप्रन आहे."

मग एकेक करून बोलायला लागले. पहिला आठवडा रोज उघडायचे. मग शिपाईमामा कुणाशी तरी बोलताना ऐकलं की बाई आता उठत नाहीत. त्यानंतर कपाट उघडायची हिंमत होईना. "तू जा", "नाही, तू जा." अकराव्या दिवशी मुंगी गेली. दार उघडलं तर पिवळे देठ वर चढून एप्रनच्या बाहीला गुंडाळले होते. सगळ्यांनी बघितलं. एक मुलगी रडायला लागली. मुंगीने एक देठ सोडवला, मोजला, आणि कपाट लावलं. पुन्हा कुणी उघडलं नाही. मग पाणीही नाही. आणि घरी बसून सगळ्यांनी दोन सेंटिमीटर लिहिलं. "दोन लिहिलं की ती उगवलीच नाहीत असं वाटायचं," असं कुणीतरी मागून म्हणालं.

मी कपाट उघडलं. अठ्ठावीस पेले, दगडासारखी माती. वाळलेले दोरे. एप्रनची डावी बाही त्यांनी खिळ्याला बांधल्यासारखी धरून ठेवलेली. खिशात ताईचं पेन.

दार उघडंच ठेवलं. फळ्यावर काहीतरी लिहायला घेतलं आणि काय ते आठवेना. पोरांना पाच मिनिटं आधी सोडलं.

मंगळवार, ३० जानेवारी

पान झालं. एका बैठकीत, पाळीवरून आल्यावर, चहा निवेपर्यंत. जसंच्या तसं इथे उतरवते —

"सहावीच्या विज्ञानाच्या तासाला मुलाच्या कपड्यांवर डाग पडतील. घरी एखादं रोप, कीटक किंवा वास येणारी बाटली येईल, लगेच फेकू नका. मूल प्रश्न विचारेल. उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणा, ते चालतं. बरेच प्रयोग फसतील. फसला असं वहीत लिहू द्या. मुलाचा आकडा पुस्तकातल्या आकड्याशी जुळला नाही तर घरी दुरुस्त करू नका. मोजायचं राहिलं असेल तर जागा कोरी सोडू द्या. आणि मोजायचं का राहिलं ते एकदा शांतपणे विचारा. आम्हीही विचारू."

शेवटचं वाक्य लिहून उठले ते गॅलरीत जाऊन उभी राहिले. आम्हीही विचारू! मला कुणी विचारलं तर?

खिडकीतल्या रोपांना पाणी घातलं. ताईच्या टेबलाचा खालचा खण उघडला, जो ती गेल्यापासून उघडला नव्हता. एक वही आहे त्यात. माझ्या अक्षरातली.

बुधवार, ३१ जानेवारी

गुणपत्रक सही न करता परत दिलं. मुख्याध्यापिकांना म्हटलं, सगळे पुन्हा पेरतो, एकवीस दिवस द्या, फेब्रुवारीभर मीच येते. त्यांनी गुणपत्रक खणात टाकलं आणि "बरं" म्हणाल्या.

मग ती वही वर्गात नेली. डॉक्टरांनी ताईचं वजन रोज सकाळी लिहायला सांगितलं होतं, औषध त्यावर ठरायचं. २० नोव्हेंबर, शेहेचाळीस किलो. पुढे शेवटपर्यंत रोज शेहेचाळीस. ते फोनवर विचारायचे तेव्हाही मी तेच सांगायची. विसाव्या तारखेनंतर मी तिला काट्यावर उभं केलंच नाही. पोरांना पानं दाखवली, हे सगळं सांगितलं.

वकिलाने वही शेवटच्या पानापर्यंत उलटली. मग म्हणाला, "छोट्या बाई, तुम्हालाही बघायचं नव्हतं?"

नाही, म्हटलं. मलाही नव्हतं.